चित्राखालची ओळ : तेरेझिनच्या चित्रांची प्रदर्शने भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळा, कला महाविद्यालये, ग्रंथालये आणि सांस्कृतिक संस्थांमधले प्रदर्शन-संयोजक

सप्रेम नमस्कार.

२७ जानेवारी जवळ आली की कुठे ना कुठे फ्लेक्स लागतात. १९४५ साली याच तारखेला आउश्वित्झची छावणी मुक्त झाली, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये हा स्मृतिदिन ठरवला. मग शाळेच्या सभागृहात, ग्रंथालयाच्या जिन्यात, कला महाविद्यालयाच्या व्हरांड्यात तेरेझिन या नाझी छावणीची चित्रे टांगली जातात. भरवणाऱ्यांची तळमळ खरी असते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण चित्राखाली बहुतेक वेळा एवढेच असते : ‘छळछावणीतील एका मुलाचे चित्र’. नाव नाही, साल नाही, कागद कुठला ते नाही. चित्र छावणीत काढले की सुटून आल्यावर, याचाही पत्ता नाही. आमची विनंती या एका ओळीपुरती आहे. ती नीट लिहायची तर आधी चित्राजवळ जाऊन निरखून बघावे लागते, आणि तसे बघितले की बाकीची मांडणीही बदलते.

तेरेझिन हे प्रागच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवरचे तटबंदीचे गाव. सम्राट दुसऱ्या जोसेफने ते १७८० पासून बांधून घेतले आणि आपल्या आईचे, मारिया तेरेझाचे नाव त्याला दिले. जर्मन नाव थेरेसिएनश्टाट. पहिल्या फलकावर दोन्ही नावे लिहा, नाहीतर मुले ती दोन वेगळी गावे समजतात. नोव्हेंबर १९४१ ते मे १९४५ या काळात नाझींनी इथे सुमारे १,४०,००० ज्यूंना आणून कोंडले. त्यांतली सुमारे ३३,००० माणसे तिथेच भुकेने आणि साथींनी मेली, आणि सुमारे ८७,००० माणसांना पुढे पूर्वेकडच्या छावण्यांत, मुख्यतः आउश्वित्झला पाठवले. पार्श्वभूमीला एवढे पुरे.

दोन चुका मात्र फलकाफलकावर उतरवल्या जातात, त्या थांबवायला हव्यात. ‘१५,००० मुले आली, १०० वाचली’ हे वाक्य जुन्या छापील मजकुरातून चालत आले आहे. अभ्यासक आज ते धरत नाहीत. मुक्तीच्या दिवशी खुद्द तेरेझिनमध्येच शंभराहून कितीतरी जास्त मुले जिवंत होती. खरी हानी इतकी मोठी आहे की ती सांगायला चुकीच्या आकड्याची गरज पडत नाही. दुसरी चूक फुलपाखरावरच्या प्रसिद्ध कवितेची. ती मुलांच्या चित्रांशेजारी ‘छावणीतल्या बालकाची कविता’ म्हणून लावतात. कवी पावेल फ्रिडमान यांचा जन्म १९२१ चा आणि कवितेवर तारीख आहे ४ जून १९४२. म्हणजे लिहिताना ते २१ वर्षांचे तरुण होते. कविता लावा, पण वय खरे लिहा.

आता मुख्य मुद्दा. तेरेझिनच्या नावाने फिरणारी चित्रे एका जातीची नाहीत. त्यांचे निदान चार ढीग पडतात आणि आपण ते सर्रास एकत्र कालवतो.

पहिला ढीग हुकमाने काढलेल्या चित्रांचा. तेरेझिनमधल्या माग्देबुर्ग बराकीत एक चित्रकक्ष होता. बेद्रिख फ्रित्ता त्याचे प्रमुख होते. लिओ हास, ओटो उंगार, फर्डिनांड ब्लोख, पीटर कीन हे चित्रकार तिथे काम करत. एसएसच्या (छावणी चालवणाऱ्या नाझी दलाच्या) कार्यालयाला हवे असलेले नकाशे, आलेख, सचित्र अहवाल इथून जात. सरळ रस्ते, नीटनेटक्या कार्यशाळा, कामात गढलेली माणसे. कागद, काळी शाई, टाक, कुंचला हे सगळे त्या कामासाठी अधिकृतपणे मिळे.

दुसरा ढीग याच माणसांनी, बहुधा याच शाईने, चोरून काढलेल्या चित्रांचा : रेशनच्या रांगेतले म्हातारे, प्रेताच्या गाड्या, माळ्यावर कोंबलेली माणसे, गाडीत चढवण्यासाठी उभे केलेले लोक. फ्रित्तांच्या एका चित्रात आंतरराष्ट्रीय पाहुण्यांसाठी उभारलेली दर्शनी दुकाने आहेत, पण ती नाटकातल्या पडद्यांसारखी काढलेली आहेत. पुढून दुकान, मागे पोकळी. त्यामागची हकीकत फलकावर हवीच. मे १९४४ मध्ये गावातली गर्दी कमी दिसावी म्हणून ७,५०३ माणसांना आउश्वित्झला पाठवले, भिंती रंगवल्या, आणि २३ जूनला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी येऊन ‘गाव’ बघून गेले. लिहिले नाही, तर बघणाऱ्याला त्या चित्रात फक्त बाजारपेठ दिसते.

पहिल्या आणि दुसऱ्या ढिगातली चित्रे एका भिंतीवर शेजारीशेजारी लावली आणि लेबल दिले नाही, तर काय होते? हात एक, शाई एक, गावही एक. सहावीतला मुलगा एका चित्रात स्वच्छ कार्यशाळा बघतो, दुसऱ्यात प्रेतगाडी, आणि विचारतो, यातले खरे कुठले? त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर देणारी ओळ आपण लिहिलेली नसते. म्हणून लेबलात ‘एसएसच्या हुकमाने’ किंवा ‘चोरून’ हे शब्द चित्रकाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत द्या.

चोरून काढण्याची किंमतही लिहा, पण मोजकी. १७ जुलै १९४४ रोजी यांतल्या काही चित्रकारांची चौकशी झाली. ‘भयप्रचार’ करणारी चित्रे बाहेर पाठवल्याचा आरोप होता. त्यांना बायकामुलांसह शेजारच्या लहान किल्ल्यातल्या तुरुंगात टाकले. ब्लोख तिथेच मारले गेले. उंगारांचा चित्र काढण्याचा हात ठेचला. ते मुक्ती पाहून १९४५ च्या जुलैत वारले. फ्रित्ता १९४४ च्या नोव्हेंबरात आउश्वित्झमध्ये वारले. त्यांची पत्नी लहान किल्ल्यातच वारली. लिओ हास आउश्वित्झहून झाक्सेनहाउझेनच्या छावणीत गेले, तिथे त्यांना खोट्या ब्रिटिश नोटा छापण्याच्या गुप्त कामाला जुंपले. पुढे माउटहाउझेन, मग एबेन्से. तिथे मे १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली. परत येऊन त्यांनी भिंतीत चिणलेली आपली चित्रे काढली. पत्र्याच्या पेटीत घालून जमिनीत पुरलेली फ्रित्तांची चित्रेही हाती आली. फ्रित्तांचा लहान मुलगा वाचला होता. हास दांपत्याने त्याला दत्तक घेतले. त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला, २२ जानेवारी १९४४ रोजी, बापाने चित्रांचे एक पुस्तक केले होते. त्यात रंग आहेत, खाऊ आहे, दूरचे प्रवास आहेत. हे पुस्तक आणि तीच काळी शाईची चित्रे एका भिंतीवर लावणार असाल, तर खाली लिहा की दोन्ही एकाच हाताची आहेत.

तिसरा ढीग मुलांच्या वर्गाचा, आणि सर्वांत जास्त नासाडी याचीच होते. फ्रिडल डिकर-ब्रांडाइस (जन्म १८९८, व्हिएन्ना) या योहानेस इट्टेन यांच्या विद्यार्थिनी. १९१९ ते १९२३ त्या जर्मनीत वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकल्या. (याच इट्टेन यांची आणि बाउहाउसच्या इतर चित्रकारांची चित्रे डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्याच्या प्रदर्शनात होती, हे आपल्या कला महाविद्यालयांत सांगण्याजोगे आहे.) डिसेंबर १९४२ मध्ये फ्रिडल यांना तेरेझिनला नेले. माणशी ५० किलो सामान नेता येई. त्यात त्यांनी चित्रकलेचे सामान भरून नेले. तिथे त्यांनी मुलांचे वर्ग घेतले, विशेषतः एल ४१० या मुलींच्या घरात. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्या आउश्वित्झला गेल्या आणि तिथे मारल्या गेल्या. चित्रे मागे राहिली, दोन सूटकेसमध्ये, सुमारे ४,५००. विली ग्रोआग या शिक्षकाने १९४५ च्या ऑगस्टअखेर ती प्रागला आणली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

या हजारो चित्रांतून आपले संयोजक निवडतात ती बहुधा दोन-तीन मजली खाटांची, रखवालदारांची, काळ्या रंगाची. ही निवड चुकीचे चित्र उभे करते. मुलांनी जास्त काढले ते घर, टेबल, कुरण, फुले, झाडे. फ्रिडल मुलांना छावणी काढायला बसवत नसत. त्या रेषेचा सराव देत, वस्तू मांडून काढायला लावत, जुन्या चित्रकारांच्या चित्रांवरून रंगीत कागद फाडून कोलाज करवत. दहा चित्रे लावणार असाल, तर सहा-सात तरी वर्गातल्या सरावाची असू द्या.

आणि कागद बघा. चित्रे वापरलेल्या कागदांवर आहेत : छापील फॉर्म, गुंडाळायचा कागद, कचेरीतली रद्दी. काही कोलाजमध्ये फॉर्मच्या छापील रेघा तशाच दिसतात. पुष्कळांवर मुलाचे नाव आहे, कुठे वय, कुठे घराचा किंवा खोलीचा क्रमांक. नाव लिहायचे, ही फ्रिडल यांच्या वर्गाची शिस्त होती. त्या नावांमुळेच, कोणाला कोणत्या गाडीने छावणीत पाठवले त्या याद्यांशी ताडून, त्या मुलांचे पुढे काय झाले ते कळते. फ्लेक्सवाला चित्र ‘स्वच्छ’ करताना कडेचा डाग, घडी आणि कोपऱ्यातले पेन्सिलीतले नाव एकदमच छाटून टाकतो. त्याची चूक नाही. त्याला कोणी सांगितलेले नसते.

चौथा ढीग वाचलेल्यांनी नंतर काढलेल्या चित्रांचा. इथे आपल्याकडे एक सोयीचा शब्द आधीच आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला ‘वस्तुचित्र’ आणि ‘स्मरणचित्र’ यांतला फरक माहीत असतो. तोच फरक इथे लावा. हास यांनी सुटकेनंतर दगडी छापाची चित्रे केली, ती स्मरणाची. येहुदा बेकन हे तेरेझिन आणि आउश्वित्झ या दोन्हीतून गेलेले, १९२९ ला जन्मलेले. १९४५ मध्ये त्यांनी आउश्वित्झच्या दहनगृहांची चित्रे स्मरणाने काढली, आणि नाझी अधिकारी आइखमानवरच्या १९६१ च्या खटल्यात ती पुराव्यात आली. म्हणजे स्मरणाने काढले म्हणून ते चित्र कमी दर्जाचे, असे मुळीच नाही. स्लोव्हेनियन चित्रकार झोरान मुशिच यांनी दाखाउच्या छावणीत प्रेतांची रेखाटने केली. मग तो विषय पंचवीस वर्षे बाजूला राहिला आणि १९७० पासून ‘आम्ही शेवटचे नाही’ या मालिकेत परत आला. यातले काळाचे अंतर लेबलात दिसले नाही, तर १९७० चे तैलचित्र १९४५ चे समजले जाते आणि चित्रकाराची पंचवीस वर्षे नाहीशी होतात.

छावणीतली आणि नंतरची अशा दोन्ही ढिगांत पाय असलेली व्यक्ती म्हणजे हेल्गा वाइसोवा. जन्म १९२९, प्राग. तेरेझिनला आल्यावर त्यांनी पहिल्यांदा बर्फाचा माणूस करणारी मुले काढली. ते चित्र बघून वडिलांनी सांगितले की जे दिसते ते काढ. मग रांगा, मजली खाटा, सामान तपासणी, अन्नाच्या गाड्या, अशी सुमारे शंभर चित्रे झाली. आउश्वित्झला जाण्याआधी त्यांनी ती काकांकडे दिली आणि काकांनी ती माग्देबुर्ग बराकीच्या भिंतीत चिणली. हेल्गा आणि त्यांची आई वाचल्या, वडील वाचले नाहीत. पुढे त्या प्रागमध्ये एमिल फिला यांच्याकडे शिकल्या. फिला स्वतः बुखेनवाल्डच्या छावणीतून सुटून आले होते.

त्यांचे एक चित्र आम्ही प्रत्येक प्रदर्शनात लावावे असे सुचवतो. मैत्रिणीच्या चौदाव्या वाढदिवसाची ती भेट आहे. एका कागदावर तीन प्रसंग. १९२९ : प्रसूतिगृहात शेजारीशेजारी दोन तान्ह्या मुली, कारण दोघी एकाच इस्पितळात जन्मल्या होत्या. १९४३ : त्याच दोघी तेरेझिनच्या मजली खाटेवर. १९५७ : दोघी बाया झालेल्या, प्रागमध्ये बाबागाड्या ढकलत फिरताहेत. आता लेबल कसे लिहावे ते याच चित्रावरून दाखवतो :

‘हेल्गा वाइसोवा, वय १४. तेरेझिन, १९४३. छावणीतच काढलेले. मैत्रिणीला वाढदिवसाची भेट. १९४४ ते १९४५ भिंतीत लपवलेले. काढणारी वाचली. जिच्यासाठी काढले ती मैत्रीण आउश्वित्झमध्ये वारली.’

पंचवीसेक शब्द. विशेषणे नाहीत. ‘हृदयद्रावक’ हा शब्द तर लेबलावर कधीच नको.

छपाईचे बोलू. सहा बाय चारच्या फ्लेक्सवर वहीच्या पानाएवढे चित्र ताणले की पेन्सिलीची रेघ बोटाएवढी जाड होते, जलरंगाची पातळ छटा पट्ट्यापट्ट्यांची दिसते आणि मुलाच्या हाताचे माप हरवते. चित्र मूळ मापातच छापा. ज्या संग्रहालयाचे चित्र आहे, त्याच्याकडे रीतसर लेखी परवानगी मागा. कशासाठी, किती दिवस, किती प्रती, ते कळवा, आणि मूळ मापाला इंचाला ३०० बिंदू बसतील अशी फाइल मागा. मोजमाप मिलिमीटरमध्ये, आणि जमल्यास कागदाच्या मागच्या बाजूचाही फोटो. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल बहुधा कडेने कापलेली आणि रंग भडक केलेली असते. परवानगीचा प्रश्न वेगळाच. २०० ते २३० जीएसएमच्या मॅट कागदावर पिगमेंट शाईने छापून घ्या. ग्लॉसी कागदावर शाईची चित्रे चमकतात आणि सभागृहाच्या ट्यूबलाइट त्यात दिसतात. कागदाचा पिवळेपणा ‘करेक्ट’ करू नका. हलक्या कागदातले लिग्निन हवा आणि उजेडाने पिवळे पडते. तो रंग त्या कागदाचे वय सांगतो.

मागे पाच मिलिमीटरचा फोम बोर्ड किंवा जाड कार्डशीट लावा आणि चित्र कागदी कोपऱ्यांत अडकवा. दुहेरी चिकटपट्टी नको, जानेवारीच्या गारव्यात कडा सुटतात आणि चित्र उतरवताना फाटते. मोठ्यांसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर ठेवा, पाचवी-सहावीसाठी १२० वर. लेबल उजवीकडे, चित्राच्या खालच्या कडेला धरून, १८ पॉइंटपेक्षा लहान नको. देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरे बारीक झाली की म्हातारे आणि मुले दोघेही वाचायचे सोडतात. जी चित्रे फॉर्मच्या पाठीवर आहेत, त्यांतल्या एखाद्याची मागची बाजूही शेजारी लावा. छापील रकाने, शिक्के, आडव्या ओळी. त्या एका जोडीसमोर मुले इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ थांबतात.

कुणाकडे त्या काळातले मूळ चित्र असेल, तर त्याचे नियम कडक आहेत. उजेड ५० लक्सच्या वर नको, खिडकीचा तर नकोच. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळा. सेलोटेप अजिबात नको, तिचा पिवळा डाग जात नाही. मुंबईत अशी चित्रे निघू शकतात. नाझींपासून सुटून आलेले वॉल्टर लांगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या चित्रकारांना हात दिला. पण ही निर्वासितांची हकीकत आहे, छावणीतली नव्हे. तिला वेगळा फलक द्या. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक सोव्हिएत हद्दपारीतून आलेले होते. तोही तिसराच इतिहास. सगळे ‘युद्धातले दुःख’ या एका शीर्षकाखाली ढकलू नका.

प्रदर्शनासोबत मुलांची कार्यशाळा घेतात, त्याबद्दल कळकळीने सांगायचे आहे. ‘तुम्ही छावणीत असता तर काय काढले असते?’ हा विषय देऊ नका. मुले मग काटेरी तारा आणि अश्रू काढतात. सगळ्यांची चित्रे सारखी होतात आणि कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी फ्रिडल जे करत तेच करा. प्रत्येकाला वर्तमानपत्री कोरा कागद, पाव आकाराचे चार तुकडे, आणि ६बी ची शिसपेन्सिल. शिक्षकाने टेबलावर ताल धरायचा, आधी संथ, मग जलद. मुलांनी खांद्यापासून हात हलवत तालावर वेटोळी आणि फटकारे काढायचे. एका कागदाला तीन मिनिटे, खोडरबर नाही. पहिला कागद सगळ्यांचा आखडलेला येतो, कारण मुले मनगटाने काढतात. तिसऱ्यापासून हात सुटतो. दोनच कागद दिले तर काही हाती लागत नाही.

मग कोलाज. पैसे भरायची जुनी चलने, भरलेले नसलेले फॉर्म, वापरलेली पाकिटे गोळा करा. नाव-पत्ता असलेला कागद नको. कात्री न देता हाताने फाडू द्या. खळ घरीच होते : एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतके घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचे, खळ अर्धपारदर्शक झाली की उतरवायची. घट्ट राहिली तर वाळताना कागद गोळा होतो. फार पातळ झाली तर कागद भिजून छपाई फुटते. पूर्वी झुरळे लागू नयेत म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हाती देणार असाल तर घालू नका. रोजची खळ रोज करा. चित्रांना गुण देऊ नका, क्रमांक काढू नका. पण प्रत्येकाला कोपऱ्यात नाव, वय आणि तारीख घालायला लावा.

प्रदर्शन उतरवताना छापील प्रती गुंडाळू नका. मध्ये कोरा कागद घालून सपाट रचा. भिंतीवरची लेबले बहुतेक ठिकाणी केरात जातात आणि पुढच्या वर्षी तीच चित्रे दुसऱ्या शाळेत नावाशिवाय टांगली जातात. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक प्रतीच्या पाठीवर, मऊ पेन्सिलीने, पूर्ण लेबल उतरवून ठेवा : कोणाचे, कधी, कुठे, हुकमाने की चोरून, छावणीत की नंतर, आणि काढणाऱ्याचे पुढे काय झाले.

आपले स्नेहांकित,
कागद-जतन, कलाशिक्षण आणि छपाई या कामांत असलेले आम्ही काहीजण